उभं राहिलं की तोंड का बंद होतंय

बेळगावात बोलणाऱ्या माणसांची कमी आहे असं कोण म्हणत असेल तर त्यानं संध्याकाळी सहानंतर टिळकवाडीत नाहीतर शहापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर दहा मिनिटं उभं राहावं. पतसंस्थेची निवडणूक, बायपासला गेलेली शेती, कोहलीनं कुठला बॉल सोडायला पाहिजे होता, सगळ्यावर माणसं अशी तुटून पडतेत की मधे शब्द घालायला जागा मिळत नाही, आणि तेही मराठीत सुरू करून कन्नडात वळसा घेऊन हिंदीत संपवतेत. मग ह्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगा, बाबा जरा उभा राहून पाच मिनिटं प्रेझेंटेशन दे. घसा कोरडा, हात खिशात, नजर छताला, आणि पहिलं वाक्य "सो, ॲक्च्युअली..."

मी उद्यमबागेत एका मशीनिंगच्या युनिटात क्वालिटीला आहे. ट्रेनर वगैरे नाही. पण आमच्याकडं खानापूर, निपाणी, चिकोडी भागातनं डिप्लोमा करून पोरं येतात, कामाला एक नंबर असतात, मायक्रोमीटर हातात दिला की बोलायचं कामच नाही, आणि कस्टमर आला की मात्र मागच्या रांगेत. वर्षानुवर्षं हे बघून बघून मला जे वाटतंय ते लिहितोय, कारण ह्या विषयावर मोबाईलवर जे काय दिसतंय त्यातलं बरंचसं मुंबई-बेंगळुरूच्या पोरांसाठी केलेलं असतंय आणि आमची अडचण थोडी वेगळी आहे.

पहिली गोष्ट, भीती शाळेत बसते. आठवा, एक ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, पटांगणात रांगा, आणि "आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांत चित्तानं ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती". भाषण गुरुजींनी लिहून दिलेलं, आईनं पाठ करून घेतलेलं, शेंगांच्या टरफलांपर्यंत सगळं सुरळीत आणि मग एक ओळ सटकली की पुढचं सगळंच गेलं, कारण ती ओळ कशासाठी होती ते माहितच नव्हतं. पाठांतरात हाच घोळ असतो, एकामागोमाग एक शब्द पकडून चाललेलं असतंय, मधला एक निसटला की पुढं काय हे डोक्याला माहित नसतंय. त्यात आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी बॅरिस्टर नाथ पैंची भाषणं ऐकलेली किंवा त्यांच्याबद्दल घरात ऐकलेलं. लोकसभा गाजवणारा माणूस, बेळगावशी शेवटपर्यंत बांधलेला, १८ जानेवारी १९७१ ला गेले तेही इथंच. त्यांच्या नावानं व्याख्यानमाला चालते. चांगलंच आहे ते, पण त्यामुळं झालंय काय की बोलणं म्हणजे सभा जिंकणं अशी एक समजूत आमच्या डोक्यात पक्की बसलीय. आता सोमवारी सकाळी मीटिंगरूममध्ये चार माणसांना रिजेक्शनचा आकडा सांगायचाय, तिथं कुठली सभा आणि कुठलं जिंकणं.

आणि मोठी माणसं जन्मतःच बोलकी असतात हेही खरं नाही. काँग्रेस रोडवरून आम्ही रोज गाडी मारतो, तो रोड म्हणजे डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनाची आठवण, गांधीजी ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हे बेळगावचं. तेच गांधीजी बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्या केसला उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना, केस सोडून दिली. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. म्हणजे हा रोग काय आपल्या एकट्याचा नाही.

आता मूळ मुद्दा, आणि ह्याच्यावर माझं लई जणांशी वाजलंय. आमच्या पोरांना वाटतंय की आपलं इंग्लिश कच्चं म्हणून प्रेझेंटेशन कच्चं. मग इंग्लिश स्पीकिंगचा क्लास, मग पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास, तिथं टाय कसा बांधायचा आणि हात कसा मिळवायचा ते शिकवतेत, फी भरून झाली की सर्टिफिकेट. परत आला की पोरगा तसाच, फक्त आता "सो" च्या जागी "बेसिकली" म्हणतोय. कारण इंग्लिश ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे आपल्याला नक्की काय सांगायचंय, आणि ती ज्या भाषेत आपण विचार करतो त्याच भाषेत चढावी लागते. एकाच वेळी मुद्दाही शोधायचा, इंग्लिश शब्दही शोधायचा, आणि साहेब काय म्हणतील त्याची काळजीही करायची, एवढं सगळं एका डोक्यात मावत नाही हो. म्हणून मी पोरांना सांगतो, आधी मराठीत. घरी कन्नड बोलत असशील तर कन्नडात. उभा राहून, मोठ्यानं, माझ्यासमोर. ते सरळ यायला लागलं की मग इंग्लिश, आणि तेही कामापुरतं.

एक उदाहरण देतो. मागं पावसाळ्यात आमच्या एका कास्टिंगमध्ये, म्हणजे लोखंड ओतून केलेल्या भागात, ब्लोहोल निघाले, मशीनिंग करताना आत छिद्रं उघडी पडायची. कस्टमरची टीम पुण्याहून येणार होती आणि ॲनालिसिस ज्या पोरानं केलं होतं त्यानंच सांगायचं ठरलं, खानापूरकडचा, दोनच वर्षं झालेली नोकरीला. आदल्या दिवशी त्यानं मला पीपीटी दाखवली. पहिली स्लाइड कंपनी प्रोफाइल. दुसरी व्हिजन मिशन. तिसरी ऑर्गनायझेशन चार्ट. चौथ्या स्लाइडवर प्रॉब्लेम स्टेटमेंट, त्यात सोळा ओळी, बारीक अक्षर. आणि तो ते वाचून दाखवत होता, माझ्याकडं पाठ करून.

मी म्हटलं लॅपटॉप बंद कर, चल इन्स्पेक्शन टेबलावर. रिजेक्ट झालेला एक पीस त्याच्या हातात दिला, म्हटलं मी तुझा काका आहे, मला फौंड्रीतलं काही कळत नाही, हे काय झालंय सांग. आणि पोरगा सुटला की! "हे बघा काका, हे आतलं पोकळ जे दिसतंय ना त्यासाठी वाळूचा कोअर घालतेत, पावसात तो कोअर ओल धरतोय, गरम लोखंड ओतलं की त्या पाण्याची वाफ होती, ती वाफ बाहेर पडायला वाट पाहिजे, व्हेंट बुजलेला असला की ती लोखंडातच अडकती, हे भोक तेच." हाताची बोटं छिद्रावर फिरत होती, आवाज चढला नव्हता, एक "ॲक्च्युअली" नाही. मी म्हटलं, मग आता काय केलंस? "कोअर भट्टीत सुकवून घेतल्यावर किती तासांत वापरायचा ते ठरवून दिलंय, वेळ गेली की परत भट्टीत." झालं, प्रेझेंटेशन तयारच होतं, फक्त ते पीपीटीत नव्हतं.

मग आम्ही दोघांनी बसून एवढंच ठरवलं की समोरचा पुण्याहून पाच-सहा तास गाडीत बसून आलाय त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न काय असेल. तुमचा ऑर्ग चार्ट? त्याला एकच भीती आहे, माझ्या लाइनवर आत्ता खराब माल चढतोय का. म्हणून पहिलं वाक्य तेच. "सर, तुमच्याकडं सध्या जो स्टॉक आहे तो सगळा तपासून वेगळा केलाय, खराब पीस लाइनवर जाणार नाही." दुसरं वाक्य कारण, तिसरं वाक्य उपाय. बाकी सगळं ते विचारतील तसं. हे तीन वाक्य त्यानं मराठीत इतक्या वेळा म्हटले की इंग्लिशमध्ये करताना शब्द अडले तरी मुद्दा अडला नाही. कापलेला पीस टेबलावर ठेवला होता, कस्टमरची माणसं स्लाइड सोडून त्या पीसवर वाकली आणि पुढची अर्धी मीटिंग मराठी-हिंदी-इंग्लिश खिचडीत झाली. तोडकं इंग्लिश कुणालाच खुपलं नाही. हातात वस्तू असली की आणखी एक फायदा, हाताचं काय करायचं हा प्रश्नच मिटतो.

आमच्या भागात आणखी एक गंमत आहे, समोर कोण बसलंय त्यावर भाषा ठरवायची. बैलहोंगल, गोकाककडची माणसं असली की मी पहिलं वाक्य कन्नडात टाकतो, माझं कन्नड म्हणजे बाजारातलं, म्हणून सुरुवातीलाच "तप्प तिळकोब्याडरी", म्हणजे गैरसमज करून घेऊ नका, असं म्हणून घेतो, माणसं हसतेत, खांदे सैल होतेत, मग पुढं जमेल त्या भाषेत. ह्यात कमीपणा काय नाही. वाईट दिसतंय ते एका वाक्यात तीन भाषा आणि तिन्ही अर्धवट. भाषा बदलायची तर मुद्दा संपल्यावर बदला, वाक्याच्या मधे नको.

प्रॅक्टिस म्हणजे मनात वाचणं नव्हे हे मात्र ठणकावून सांगतो. मनात सगळंच छान वाटतंय. मोठ्यानं म्हणा, उभं राहून म्हणा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकवत नाही, माहित आहे, स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही, पण ऐका. म्हणजे मग कळतंय आपण "म्हणजे" किती वेळा म्हणतो, "जे काय आहे ते" किती वेळा. आमच्या एका सुपरवायझरचं "काय म्हणतेत त्याला" इतकं ठरलेलं की पोरं मागं बसून मोजायची. हे शब्द येतात कारण आपल्याला गप्प बसायची भीती वाटते. दोन सेकंद थांबलं तर बोलणाऱ्याला वाटतंय जमाना झाला, ऐकणाऱ्याला कळतपण नाही.

थांबणं शिकायचं असेल तर गावातल्या सप्त्यात कीर्तनाला जाऊन बसा, खरंच. बुवा अभंगाचा एक चरण घेतात, त्यावर बोलतात, दाखला देतात, लोकं हसतात किंवा डोळे पुसतात, आणि बरोबर त्या जागी परत चरणावर येतात, मागचे टाळकरी तो चरण उचलतात, पखवाज वाजतो. त्या मिनिटभरात बुवांना श्वास मिळतो, ऐकणाऱ्याला सांगितलेलं मुरवायला वेळ मिळतो, आणि झोपलेला जागा होतो. दोन तासात माणूस दहा गोष्टी सांगतो पण तुम्ही घरी जाताना तो एकच चरण गुणगुणत जाता. आपल्याला टाळकरी मिळणार नाहीत पण मुख्य वाक्य ठरवून तीनदा त्याच्यावर परत यायला कोण अडवतंय?

धडधडीबद्दल. ती जाणार नाही, आणि घालवायच्या मागं लागू नका. शरीराला वाटतंय काहीतरी संकट आलंय, ॲड्रेनालिन सुटतंय, तोंड कोरडं, हात गार. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स ह्या बाईंनी २०१४ मध्ये ह्याच्यावर प्रयोग छापलेत, त्यात बोलायच्या आधी "मी शांत आहे" असं स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा "मला हुरूप आलाय" असं सांगणाऱ्यांचं भाषण चांगलं ठरलं. पटण्यासारखं आहे, धडधडणारं काळीज "शांत हो" म्हटल्यावर थोडंच ऐकतंय. त्याच्या आधी २००३ मध्ये सविट्स्की आणि गिलोविच ह्या दोघांनी दाखवलं होतं की आपली घाबरगुंडी लोकांना दिसते असं आपल्याला जेवढं वाटतंय तेवढी ती दिसत नाही, आणि हे आधी सांगितलेली माणसं जास्त बरं बोलली. ही एक गोष्ट मी पोरांना दारात सांगतो, बाकी उपदेश करत नाही. श्वास सोडताना हळू सोडा, पाणी जवळ ठेवा, बास.

आणि ते क्लासमध्ये सांगतेत ना, संवादात शब्दांचं महत्त्व फक्त सात टक्के, आवाज अडतीस, बॉडी लँग्वेज पंचावन्न! कुणी परत सांगितलं तर त्याला म्हणावं मग तुम्ही आजचं लेक्चर चिनी भाषेत घ्या, त्र्याण्णव टक्के तरी कळेल आम्हाला. तो आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतला, तिथं सुट्टे सुट्टे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून समोरच्याला आपण आवडतो का नाही एवढंच ओळखायचं होतं. भावनांपुरता तो हिशोब आहे असं त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. कोअरचा ओलावा चेहऱ्यानं समजावून दाखवा बघू.

स्लाइडवर जास्त वेळ घालवत नाही. कमी लिहा, मोठं लिहा, फिक्कट पिवळा रंग दिवसाउजेडी प्रोजेक्टरवर दिसत नाही, पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि मोबाईलवर दोन्हीकडं ठेवा, आणि केबल आधी लावून बघा. माइकचं मात्र सांगायला पाहिजे कारण आमच्याकडं कार्यक्रम हॉलमध्ये कमी आणि मांडवात जास्त. माइक तोंडापासून चार बोटं, मान वळवली तर माइकपण वळला पाहिजे, आणि तो हातात घेऊन स्पीकरच्या समोर जायचं नाही, स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतोय आणि ती जी किंचाळी येती त्यानं पुढच्या रांगेतल्या आज्ज्या कानावर हात ठेवतात. टकटक करून "हॅलो हॅलो" करायची गरज नाही, मांडववाल्यानं ते सकाळपासून केलेलं असतंय.

खरी परीक्षा प्रश्नांची. भाषण घरून तयार करून नेता येतं, प्रश्न नाही, असं सगळे म्हणतेत पण तेही पूर्ण खरं नाही. दहातले सात-आठ प्रश्न आधी कळतेत, फक्त आपण बसून लिहून काढत नाही कारण त्यातले दोन आपल्याला अडचणीचे असतेत. तेच आधी लिहा. आणि उत्तर देताना आधी उत्तर, मग कारण. साहेबांनी विचारलं माल गुरुवारी मिळेल का, तर आमचा माणूस सांगायला लागतो टूल कधी आलं, ऑपरेटर सुट्टीवर कसा गेला, लाइट कशी गेली, आणि शेवटी "त्यामुळं जरा अवघड आहे". तोपर्यंत साहेबांचा पारा चढलेला. "गुरुवारी नाही सर, शनिवारी" एवढं आधी म्हणा, मग लाइटची कहाणी सांगा, कुणी विचारली तर. माहित नसेल तर माहित नाही म्हणा आणि कधी सांगणार तो वार सांगा. ठोकून द्यायचं नाही, कस्टमरच्या वहीत ते लिहिलेलं असतंय.

सराव कुठं करायचा विचारतेत. टोस्टमास्टर्स म्हणून जगभर क्लब आहेत, कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेले, तेही १९२४ साली, म्हणजे आमच्या अधिवेशनाच्याच वर्षी. त्यांची पद्धत मला आवडते, एक जण घड्याळ बघणार, हिरवा-पिवळा-लाल दाखवणार, एक जण नुसते "अं... आं..." मोजणार, आणि चिठ्ठी उचलून ऐनवेळच्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं. आम्ही डबा खाल्ल्यावर शॉपफ्लोअरच्या कोपऱ्यात तसंच करतो, चिठ्ठ्यांवर विषय आमचे, "कुंदा का मांडे", "सेकंड शिफ्ट कुणाला पाहिजे", "खानापूरचा पाऊस". लाल दिव्याच्या जागी रिजेक्शनचा लाल टॅग दाखवतात. हसून हसून पोट दुखतंय आणि त्यात पोरांची भीड कधी चेपली ते त्यांनाच कळत नाही.

आणि तेवढंही जमत नसेल तर गावात संमेलनं काय कमी आहेत, कडोली, उचगाव, येळ्ळूर, शिवाय गणपती मंडळं, पतसंस्थेच्या वार्षिक सभा, शाळेची गॅदरिंग. तिथं जाऊन आभारप्रदर्शन मागून घ्या. ते कुणालाच नको असतंय, कमिटी उलट तुमचे उपकार मानते, आणि प्रमुख पाहुण्यांसारखी तुमच्याकडून कुणाची काही अपेक्षाही नसते. नावं कागदावर लिहून न्या, मांडववाल्याचं आणि चहावाल्याचं नाव विसरू नका, आणि दोन मिनिटांच्या आत आवरा, कारण तोपर्यंत अर्धे लोक चपला शोधत असतात आणि राहिलेल्यांचं लक्ष मसालेभाताकडं असतंय.